पेठ, परपेठ आणि पासवर्ड

छोट्या व्यापाऱ्यांशी किंवा कारखानदारांशी संगणकाच्या सुरक्षिततेविषयी बोलायला लागले की एक उत्तर हमखास ऐकू येते. 'अहो, आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय? ते हॅकर वगैरे मोठ्या बँकांच्या मागे असतात.' गंमत अशी की, हे उत्तर देणारा माणूस रात्री शटरला दोन कुलुपे लावतो, दोन्ही ओढून पाहतो आणि गल्ल्याची किल्ली स्वतःजवळ ठेवतो. म्हणजे चोर काय चीज असते हे त्याला पक्के ठाऊक आहे. फक्त संगणकातला चोर आपल्या वाटेला जाणार नाही, अशी त्याची समजूत आहे.

मी संगणकाचा तज्ज्ञ नव्हे. बरीच वर्षे वाणिज्य महाविद्यालयात मी व्यापाराचा इतिहास शिकवला. त्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पैसा पाठवण्याचे किंवा हिशेब ठेवण्याचे नवे साधन आले की माणूस जुने साधन टाकतो आणि त्या साधनाभोवती पिढ्यान्‌पिढ्या जमत गेलेली दक्षताही त्याच्याबरोबर टाकून देतो. मधल्या काळात चोरांचे फावते. काही घरे बुडतात. मग तीच दक्षता नवे नाव घेऊन परत येते. आज आपण अशाच एका मधल्या काळात आहोत, असे मला वाटते. म्हणून संगणकाकडे येण्याआधी थोडे मागे जाऊ या.

आपल्याकडे शेकडो वर्षे पैसा हुंडीने फिरला. पुण्याच्या सावकाराने काशीच्या पेढीवर चिठ्ठी लिहायची, यात्रेकरूने किंवा व्यापाऱ्याने ती घेऊन जायची आणि तिथे रोकड मोजून घ्यायची. वाटेत चोर, दरोडेखोर, पूर, आजार सगळेच होते. म्हणून तर रोकड बरोबर न्यायची नाही. पण चिठ्ठीही चोरीला जाऊ शकते, तिच्यात खाडाखोड होऊ शकते, खोटी चिठ्ठीही कोणी लिहू शकतो. हे सगळे त्या सावकारांना माहीत होते. त्यांनी त्यावर काय उपाय योजले होते ते पाहण्यासारखे आहे.

पहिला उपाय रकमेचा. हुंडीत रक्कम एकदा लिहून भागत नसे. शंभर रुपये आकड्यात, शंभर रुपये अक्षरात, मग त्याचे निम्मे पन्नास आणि त्या पन्नासाची दुप्पट पुरे शंभर, अशी ती लिहीत. एखाद्याने शंभरावर एक शून्य चढवले तर निमपट आणि दुप्पटही बदलावी लागे, आणि तेवढी खाडाखोड लपत नसे. आज चेकवर आपण 'अक्षरी रुपये' लिहून शेवटी 'मात्र' लिहितो, त्यामागे अशीच काळजी आहे.

दुसरा उपाय निरोपाचा. हुंडी लिहिणारा सावकार ज्याच्यावर हुंडी लिहिली त्याला वेगळे पत्र पाठवी. अमुक तारखेची, अमुक रकमेची, अमुक माणसाच्या नावे हुंडी येईल, तिचा मान राखावा. हुंडी एका वाटेने जाई, पत्र दुसऱ्या वाटेने. दोन्हींचा मेळ बसला की पैसे. चोराच्या हाती हुंडी लागली तरी पत्र काही त्याच्या हाती नसे.

तिसरा उपाय ओळखीचा. शाहजोग नावाची एक हुंडी असे. तिचे पैसे कोणाही उपटसुंभाला मिळत नसत. बाजारात पत असलेल्या 'शाह' व्यापाऱ्यामार्फतच ती वटवावी लागे. पुढे ती हुंडी खोटी किंवा चोरीची निघाली, तर पैसे परत करण्याची जबाबदारी त्या शाहावर येई. म्हणजे कागदापेक्षा कागद आणणाऱ्या माणसाची पारख मोठी. पैसे देऊन झाले की हुंडीवर तशी नोंद करून ती रद्द केली जाई. अशा हुंडीला खोखा म्हणत. ती पुन्हा चालत नसे.

आणि चौथा उपाय मला सगळ्यांत आवडतो. हुंडी हरवली तर काय? तर लिहिणारा तिची दुसरी प्रत देई. तिला म्हणत पेठ. पेठेत लिहिलेले असे की मूळ हुंडीचे पैसे दिले नसतील तरच हिच्यावर द्यावेत. पेठही हरवली तर परपेठ. तीही गेली तर त्या गावच्या व्यापाऱ्यांचे पंच सह्या करून मेजरनामा देत. हुंडी हरवणे ही नामुष्की नव्हती. ती घडणारच असे धरून पुढची पायरी आधीच बांधून ठेवली होती. १८८१ साली इंग्रज सरकारने चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतल्या अशा दस्तऐवजांच्या स्थानिक रिवाजांना त्याच कायद्याने धक्का लावला नाही. रिवाज किती पक्के असतील याचा अंदाज यावरून यावा.

हे सारे उपाय कोणा मोठ्या सरकारी खात्याने शोधलेले नव्हते. पेढी म्हणजे दोन-चार गुमास्ते, एक मुनीम आणि मालक. आजच्या भाषेत बोलायचे तर तो लघुउद्योगच.

आता नवे साधन कसे आले आणि त्याने काय घात केला, ते पाहण्यासाठी फ्रान्समध्ये जाऊ. विजेची तार येण्याआधी फ्रान्समध्ये १७९४ पासून दृष्टीची तार होती. उंच मनोऱ्यांवर लाकडी हात बसवलेले. एका मनोऱ्याने हात हलवून खूण करायची, पुढच्याने दुर्बिणीतून पाहून तीच खूण पुढे द्यायची. ही यंत्रणा फक्त सरकारसाठी होती. पॅरिसच्या सरकारी रोख्यांचे भाव बोर्डो शहरात टपालगाडीने पोहोचायला काही दिवस लागत. ते कोणाला आधी कळले तर त्याची चांदी होणार हे उघड होते. फ्रान्स्वा आणि जोसेफ ब्लांक या दोन भावांनी ते जमवले. पॅरिसचा हस्तक तूर गावच्या तार कर्मचाऱ्याला खुणेचे पुडके पाठवी. लाच घेतलेला तो कर्मचारी सरकारी संदेशात मुद्दाम एक चूक घुसवी आणि लगेच 'चूक झाली, ती खूण सोडून द्या' अशी खूण देई. बोर्डोजवळच्या शेवटच्या मनोऱ्यावर नजर ठेवून बसलेला माणूस ती चूक टिपे. चुकीवरून भाव वर की खाली ते समजे.

१८३४ पासून सुमारे दोन वर्षे हे बिनबोभाट चालले. तो कर्मचारी आजारी पडला आणि आपली जागा घेईल या आशेने त्याने एका मित्राला सगळे सांगितले, तेव्हा बिंग फुटले. १८३७ साली खटला चालला. पण सरकारी तारेचा असा खासगी वापर हा गुन्हा आहे असे सांगणारा कायदाच नव्हता. ब्लांक बंधू सुटले. त्यातला फ्रान्स्वा पुढे माँटे कार्लोच्या जुगारगृहाचा मालक म्हणून प्रसिद्ध झाला.

या प्रकरणात कोणी मनोरा पाडला नाही की खुणांचे पुस्तक चोरले नाही. यंत्रणा सुरळीत चालू होती. आतला एक माणूस फितला आणि इतक्या चुका का होतात हे कोणी विचारले नाही. पुढे विजेची तार आली आणि व्यापाऱ्यांनी सांकेतिक शब्दांची जाड पुस्तके वापरायला सुरुवात केली. पण ती पुस्तके बाजारात विकत मिळत. त्यांनी तारेचा खर्च वाचे, गुपित राखले जाईलच असे नाही. म्हणून बँकांनी तारेने पैसे पाठवताना एक वेगळाच आकडा घालायला सुरुवात केली. रक्कम, तारीख वगैरेंवरून गुप्त कोष्टकाने काढलेला हा आकडा दोन्ही टोकांना जुळला तरच तार खरी मानायची. हुंडीसोबतच्या त्या वेगळ्या पत्राचाच हा नवा अवतार.

संगणकाचीही कथा एका छोट्या दुकानापासून सुरू होते. १९८६ साली लाहोरमध्ये बासित आणि अमजद फारूक अल्वी हे दोघे भाऊ संगणकाचे दुकान चालवत. त्यांनी वैद्यकीय उपयोगाची एक प्रणाली लिहिली होती. लोक तिच्या फुकट प्रती काढतात म्हणून चिडून त्यांनी फ्लॉपीवर आपोआप पसरणारा एक छोटा प्रोग्रॅम घातला आणि त्यात आपले नाव, दुकानाचा पत्ता व फोन नंबरही लिहिले. 'ब्रेन' नावाने ओळखला जाणारा हा पीसीवरचा पहिला व्हायरस समजला जातो. फ्लॉपी या हातातून त्या हातात गेली आणि अमेरिकेतून फोन यायला लागले तेव्हा ते भाऊही चकित झाले.

त्याच सुमारास आपल्याकडे कैलास काटकर हा साताऱ्याकडचा तरुण पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होता. पुढे तो संगणक दुरुस्तीकडे वळला. गिऱ्हाइकांचे संगणक बिघडून नव्हे, तर व्हायरसने बंद पडतात, हे त्याच्या ध्यानात आले. धाकटा भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होता. त्याने व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले आणि १९९५ मध्ये 'क्विक हील' बाजारात आले. दुरुस्तीच्या दुकानातून निघालेली ही कंपनी २०१६ साली शेअर बाजारात नोंदली गेली. ज्यांच्याकडे 'चोरण्यासारखे काही नाही' असे म्हणतात, त्याच छोट्या गिऱ्हाइकांच्या संगणकांनी ही कंपनी उभी केली, हे विसरू नये.

४ मे २००० रोजी 'आय लव्ह यू' या विषयाची ई-मेल जगभर पोहोचली. सोबतचे प्रेमपत्र उघडले की ती यादीतल्या सगळ्यांना आपोआप पुढे जाई. ती अनोळखी माणसाकडून येत नव्हती, ओळखीच्या माणसाकडून येत होती, म्हणूनच लोक फसले. लिहिणारा तरुण मनिलात सापडला. पण फिलिपाइन्समध्ये तेव्हा त्यासाठी कायदा नव्हता, म्हणून खटला सोडून द्यावा लागला. ब्लांक बंधूंची सुटका आठवते ना? मध्ये १६३ वर्षे गेली होती. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी, १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला.

याच काळात आपल्या पेढ्यांवरची वही गेली. लक्ष्मीपूजनाला चोपडीच्या शेजारी संगणक आला आणि त्यालाही हळदकुंकू लागले. त्यात वाईट काही नाही. पण वहीबरोबर काय गेले ते पाहा. पूर्वी दिवाणजी नोंद करी आणि संध्याकाळी मालक स्वतः रोजमेळ पाही, रोकड मोजी. एकाने लिहायचे, दुसऱ्याने तपासायचे. आता हिशेबाच्या संगणकावर एक ऑपरेटर, एकच पासवर्ड, आणि तो चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलेला. ऑपरेटर नोकरी सोडून जातो, पासवर्ड तोच राहतो. कागदाच्या युगात कोणत्या मालकाने तिजोरीची किल्ली अशी खिळ्याला टांगली असती?

'आमच्याकडे काय आहे' या प्रश्नाचे खरे उत्तर एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाने दिले. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेतल्या टार्गेट या प्रचंड दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी बँक कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर आत शिरले कुठून? पेनसिल्व्हेनियातल्या एका कंत्राटदाराच्या पासवर्डने. हा कंत्राटदार दुकानांतली शीतयंत्रे सांभाळणारा. त्याच्याकडे खरोखरच चोरण्यासारखे फारसे नव्हते. त्याच्याकडे मोठ्या घराची किल्ली होती.

चार वर्षांनी याचा फटका थेट आपल्या बंदरापर्यंत आला. युक्रेनमध्ये 'एम.ई.डॉक' नावाची हिशेबाची प्रणाली आहे. कर भरण्यासाठी तिथल्या बहुतेक कंपन्या ती वापरत. बनवणारी कंपनी कीव्ह शहरातली, कौटुंबिक, लहान. २७ जून २०१७ रोजी या प्रणालीच्या नेहमीच्या सुधारणांच्या वाटेने एक विनाशक प्रोग्रॅम गिऱ्हाइकांच्या संगणकांत उतरला. त्याला पुढे 'नॉटपेट्या' नाव पडले. पडद्यावर तो खंडणी मागे, पण खंडणी भरूनही माहिती परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. अमेरिका आणि ब्रिटनने नंतर रशियाच्या लष्कराला यासाठी जबाबदार धरले. युक्रेनमध्ये शाखा असलेल्या परदेशी कंपन्याही त्यात सापडल्या. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पडले आणि न्हावाशेव्याला जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही अडले. कीव्हमधल्या हिशेबाच्या दुकानाने उरणच्या रस्त्यावरच्या कंटेनरचा ट्रक अडवावा, हे जुन्या पेढीवाल्याला सांगितले असते तर पटले नसते.

मर्स्कची पुढची हकीगत आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. कोणता कर्मचारी कोण, त्याला कुठे प्रवेश, ही सगळी नोंद ठेवणाऱ्या मुख्य संगणकांच्या कंपनीकडे जगभर दीडशेच्या आसपास प्रती होत्या. म्हणजे पेठ आणि परपेठ भरपूर. पण त्या सगळ्या एकमेकींना सतत जोडलेल्या. आग एकीला लागली आणि सगळ्या जळाल्या. एकच वाचली, घानामधली. कारण त्या वेळी तिथे वीज गेली होती! ती प्रत विमानाने पोहोचवावी लागली आणि तिच्यावरून कंपनी पुन्हा उभी राहिली. ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केले, असे तिच्या अध्यक्षांनी पुढे सांगितले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचे. पेठ वेगळ्या वाटेने जाई, हुंडीच्याच थैलीत नसे. यातले शहाणपण एवढ्या मोठ्या कंपनीला घानाच्या वीजमंडळाच्या कृपेने कळले.

पुण्यात हा अनुभव १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेला आला. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून मधे एक बनावट दुवा बसवला होता. कोणी एटीएममध्ये नकली कार्ड घातले की 'पैसे द्यावेत का?' हा प्रश्न बँकेच्या खऱ्या संगणकाकडे जातच नसे. मधला तोतयाच 'द्या' म्हणे. अवघ्या काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. भारतातल्या यंत्रांतून आणखी अडीच कोटी. सोमवारी हाँगकाँगच्या खात्यावर १३.९२ कोटी. एकूण ९४ कोटींच्या वर. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालाने यामागे उत्तर कोरियाचा हात असल्याचे नोंदवले. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले, पण ते पैसे काढणारे आणि साथ देणारे. सूत्रधार दूरच राहिले. ठेवीदारांचे पैसे सुरक्षित असल्याचे बँकेने सांगितले, पण त्या दिवसांत शाखांबाहेर ग्राहकांच्या मनात काय कालवाकालव झाली असेल, ते सहकारी बँकेत खाते असलेल्या कोणालाही समजेल.

आता याच्या उलटचे उदाहरण. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने चोरांनी न्यूयॉर्कला जवळजवळ ९५ कोटी डॉलर पाठवण्याचे बनावट आदेश दिले. ८.१ कोटी डॉलर मनिलाला गेले. २ कोटी डॉलर श्रीलंकेतल्या एका 'फाउंडेशन'कडे निघाले होते. चोरांनी त्या शब्दाचे स्पेलिंग चुकवले होते. मधल्या एका बँकेतल्या कोणाला तरी ते खटकले, त्यांनी खुलासा विचारला आणि ती रक्कम वाचली. दुसऱ्या वाटेने एकदा विचारणे, याची किंमत इतकी असू शकते.

मोठ्यांची ही उदाहरणे झाली. मोठा पडतो आणि उठतो. लहान किंवा मध्यम माणूस पडला तर काय होते, ते इंग्लंडमधल्या केएनपी या मालवाहतूक कंपनीने पाहिले. तिची मूळ शाखा १८६५ सालची, घोडागाडीच्या काळापासूनची. २०२३ मध्ये तिच्याकडे सुमारे ५०० ट्रक आणि ७०० माणसे होती. त्या वर्षी जूनमध्ये खंडणीखोरांनी तिचे सगळे संगणक कुलूपबंद केले. एका कर्मचाऱ्याचा कच्चा पासवर्ड ओळखून ते शिरले असावेत, असे मानले जाते. माहितीच्या राखून ठेवलेल्या प्रतीही त्यांनी निकामी केल्या. विमा होता, नियमही पाळले होते. पण हिशेबच नाहीत म्हटल्यावर कर्ज देणाऱ्यांना दाखवणार काय? सप्टेंबरमध्ये कंपनी बुडाली. दोन महायुद्धांतून तरलेली ही कंपनी एका पासवर्डने गेली. ज्याचा तो पासवर्ड होता त्या कर्मचाऱ्याला आपण ते सांगितलेले नाही, असे संचालकाने नंतर म्हटले. सांगून तरी काय मिळाले असते? एका माणसाच्या चुकीने सातशे घरांची चूल विझू शकते, अशी रचना मुळात राहू द्यायची नाही, हा धडा मालकाने घ्यायचा असतो.

मग छोट्या धंद्याने करावे काय? ब्रिटिश सरकारने २०१४ साली छोट्या धंद्यांसाठीही 'सायबर इसेन्शियल्स' नावाची योजना काढली, तिच्यात अवघी पाच सूत्रे आहेत. आपल्याकडे जानेवारी २००४ पासून काम करणारी सर्ट-इन ही सरकारी संस्था वेळोवेळी सूचना देते. त्या जरूर पाळाव्यात. पण माझ्या विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट जुन्या पेढीच्या भाषेत सांगत असे, कारण ती लक्षात राहते.

पहिले, निरोप दुसऱ्या वाटेने ताडून पाहावा. हल्ली सर्रास घडणारा प्रकार असा, की नेहमीच्या पुरवठादाराची ई-मेल येते, 'आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे पैसे नव्या खात्यावर भरावेत.' पत्ता तोच दिसतो, फक्त एक अक्षर वेगळे असते. कधी तर पत्ताही खरा असतो, त्याची मेलपेटीच चोराच्या ताब्यात गेलेली असते. अशा वेळी त्या ई-मेलला उत्तर देऊन खात्री करू नये. आपल्या जुन्या वहीतला फोन नंबर लावून माणसाशी बोलावे. दोन मिनिटांचे काम आहे.

दुसरे, पेठ आणि परपेठ. हिशेबाची एक प्रत संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुकानाबाहेर. त्यातली निदान एक काम झाल्यावर संगणकापासून तोडून ठेवलेली हवी. आणि वर्षातून दोनदा तरी त्या प्रतीवरून हिशेब उघडून पाहावा. न उघडणारी प्रत म्हणजे कोरी हुंडी.

तिसरे, दोन हात. ठरावीक रकमेवरचे पैसे एकाने भरावेत आणि दुसऱ्याने मंजूर करावेत. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, आणि बँक व मेलसाठी पासवर्डच्या जोडीला मोबाइलवरची दुसरी खूणही असावी. ती खूण फोनवर कोणालाही सांगू नये. माणूस नोकरी सोडेल त्या दिवशी त्याचे खाते बंद करावे. यात अविश्वास नाही. दिवाणजीचा रोजमेळ मालक तपासत असे, तेव्हा दिवाणजीचा अपमान होत नसे. उलट उद्या काही कमी पडले तर त्याच्यावर आळ येत नसे.

चौथे, शाह ओळखावा. आपल्या संगणकात बाहेरून कोणाकोणाला शिरता येते याची यादी एका कागदावर करावी. दुरुस्तीवाला, हिशेबाच्या प्रणालीचा माणूस, कॅमेरे बसवणारा. यादी आपल्या अंदाजापेक्षा लांब निघते. काम संपले की वाट बंद. आणि प्रणालीच्या सुधारणा वेळच्या वेळी बसवाव्यात. नॉटपेट्या ज्या फटींतून पसरला त्यातली एक बुजवण्याची सोय मार्च २०१७ मध्येच उपलब्ध होती. मात्र आत एक जरी न सुधारलेले यंत्र असले तरी तिथून पासवर्ड उचलून तो सुधारलेल्या यंत्रांवरही चढे. चोरून मिळवलेली प्रणाली वापरणाऱ्याला तर सुधारणाही धड मिळत नाहीत.

पाचवे, मेजरनामा. घात झालाच तर लपवू नये. यंत्र जाळ्यातून सोडवावे, बँकेला कळवावे आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. पहिल्या काही तासांत पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता असते, नंतर ती झपाट्याने कमी होते. सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. पण आपल्याकडे व्यापाऱ्याला पैशापेक्षा नाव जाण्याची भीती जास्त. तो गप्प बसतो, आणि त्याच युक्तीने शेजारचा दुकानदार लुटला जातो. जुन्या बाजारात हुंडी हरवली तर माणूस पंचांपुढे जाऊन सांगे आणि पंच त्याच्यासाठी सह्या करत. सांगितल्याने त्याची पत गेली नाही, टिकली. आजच्या व्यापारी संघांनी, औद्योगिक वसाहतींच्या संघटनांनी निदान एवढे केले, की ज्याच्यावर प्रसंग आला त्याने निःसंकोच येऊन सांगावे आणि इतरांनी ऐकावे, तरी पुष्कळ काम होईल.

या पाच गोष्टींतल्या बहुतेकांना पैसे लागतात ते थोडे. शिस्त लागते ती मात्र रोजची. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पेढीवर ती होती, कारण हुंडीवरच्या सहीला जागणे हे त्यांच्या लेखी घराचे नाव राखणे होते. तुमच्या संगणकात गिऱ्हाइकांचे फोन नंबर आहेत, कामगारांचे पगार आहेत, पुरवठादारांची खाती आहेत. ही सारी दुसऱ्यांनी तुमच्याकडे विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. तेव्हा 'आमच्याकडे चोरण्यासारखे काय आहे' असे मनात आले, की एवढेच आठवावे: दुसऱ्याची ठेव आहे, आणि ती सांभाळणे पेढीवाल्याचे पहिले काम आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)